दोनशेपैकी हवेला पाच

हॉटेलांचे, मिक्सरचे, कुरिअरवाल्यांचे रिव्ह्यू सगळेच लिहितात. मी आज लिहितोय केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तीन वस्तूंबद्दल. फोनवरचं ‘समीर’ ॲप, ‘प्राण’ नावाचं पोर्टल आणि ‘स्वच्छ वायू सर्वेक्षणा’ची गुणपत्रिका. तिन्ही फुकट आहेत, म्हणजे पैसे आपण आधीच करात भरलेले आहेत. तेव्हा गिऱ्हाईक म्हणून बोलायचा हक्क आपला आहेच.

या विषयात मी नाक का खुपसावं? तर मी विदर्भातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राचा प्रयोगशाळा सहायक होतो, आणि आमच्या गच्चीवर हवा मोजायचं मॅन्युअल केंद्र होतं. निवृत्तीनंतर चंद्रपुरात राहतो. म्हणजे हवेचा आकडा तयार कसा होतो तेही पाहिलंय, आणि आता त्याच हवेत रोज फिरायलाही जातो.

आधी तो आकडा कसा बनतो ते सांगतो, कारण पुढचा सगळा राग त्यावरच उभा आहे. गच्चीवर आरडीएस नावाचं यंत्र असतं. त्यात आठ बाय दहा इंचाचा पांढराशुभ्र काचतंतूंचा फिल्टर पेपर लावायचा. लावण्याआधी तो डेसिकेटरमध्ये ठेवून कोरडा करायचा, मग तराजूवर वजन, तेही मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत. कागद बोटांनी धरायचा नाही, चिमट्याने धरायचा. यंत्र सुरू केलं की मिनिटाला साधारण १.१ घनमीटर हवा त्या कागदातून ओढली जाते. जाड धूळ खालच्या कपात पडते, दहा मायक्रॉनच्या आतली कागदावर बसते. आठ तासांनी कागद बदलायचा, असं दिवसातून तीनदा. त्यातला एक बदल रात्री दहाचा, आणि डिसेंबरात गच्चीवर हात गारठायचे. पण घाई केली आणि कागदाचा कोपरा फाटला की तो आठ तासांचा नमुना गेला. आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला १०४ दिवस, असा राष्ट्रीय कार्यक्रमाचा शिरस्ता.

आता गणित. आठ तासांत ५२८ घनमीटर हवा गेली. परत वजन केल्यावर कागद ७९ मिलिग्रॅमने जड झाला असेल, तर पीएम १०, म्हणजे हीच दहा मायक्रॉनच्या आतली धूळ, आला घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम. चोवीस तासांचं आपलं राष्ट्रीय मानक १०० आहे आणि वर्षाच्या सरासरीचं ६०. म्हणजे चिमूटभरसुद्धा भरणार नाही एवढ्या करड्या भुकटीवरून शहर पास की नापास ते ठरतं. सकाळी कागद काढला की वजन करायच्या आधीच रंगावरून अंदाज यायचा. होळीच्या दुसऱ्या दिवशीचा कागद वेगळा, मृगाचा पाऊस पडून गेल्यावरचा वेगळा. एवढ्या निगुतीने काढलेल्या आकड्याला पुढे दिल्लीत काय मान मिळतो, हाच या रिव्ह्यूचा विषय आहे.

सुरुवात ‘समीर’पासून. राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक २०१५ च्या एप्रिलमध्ये सुरू झाला, आणि हे ॲप म्हणजे तो निर्देशांक खिशात. नकाशावर रंगीत ठिपके दिसतात. ठिपक्यावर बोट ठेवलं की केंद्राचं नाव, आकडा आणि कोणत्या प्रदूषकामुळे तो आकडा आला ते दिसतं. आमच्या चंद्रपुरात स्वयंचलित केंद्रं दोन, एक शहरातलं आणि एक खुटाळा एमआयडीसीचं. निर्देशांक आठ प्रदूषकांतून निघतो, पण बेरीज करून नाही. ज्या प्रदूषकाचा उपनिर्देशांक सगळ्यांत वाईट, तोच त्या केंद्राचा निर्देशांक. ही पद्धत मला पटते. सात प्रदूषकं गुणी निघाली म्हणून आठव्याची लबाडी झाकली जात नाही.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे निदान सोळा तासांचं मोजमाप हाती नसेल तर आकडा देतच नाहीत. कित्येक लोक अशा वेळी ‘ॲप बंद पडलं’ म्हणून एक तारा देऊन मोकळे होतात. अहो, उलट आहे! अर्धवट माहितीवर ठोकून दिलेल्या आकड्यापेक्षा कोरी जागा केव्हाही बरी.

पण रंगांची नावं ठेवताना हात फारच सैल सोडलाय. ५० पर्यंत ‘चांगली’, १०० पर्यंत ‘समाधानकारक’, २०० पर्यंत ‘मध्यम’, मग ‘खराब’, ‘अति खराब’ आणि ‘गंभीर’. यातलं ‘मध्यम’ जरा उघडून बघा. पीएम १० चा निर्देशांक २०० ला पोचतो तेव्हा हवेत तो घनमीटरला २५० मायक्रोग्रॅम असतो. मानक १००. अडीच पट धूळ, तरी हवा ‘मध्यम’! माझ्या आरडीएसच्या भाषेत कागद १३२ मिलिग्रॅमने जड झालाय, आणि तो कागद जवळजवळ काळा असतो. शेजारचे भाऊ रोज सकाळी फोन पाहून विचारतात, ‘‘मध्यम हाय म्हंते, मंग फिरायले जाऊ का नाई?’’ त्यांना दमा आहे. मध्यमच्या खाली बारीक अक्षरात दम्याच्या लोकांना श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो असं लिहिलेलं असतं, पण ते कोण वाचतो? लोक रंग बघतात, आणि रंग पिवळा.

आणखी एक. शहराचा म्हणून जो एक आकडा येतो तो केंद्रांच्या सरासरीचा असतो. समजा खुटाळ्याला १९० आणि शहरात ११०, तर चंद्रपूर १५०. या १५० मध्ये कोणीच राहत नाही. म्हणून माझा सल्ला एवढाच की शहराचं नाव दाबू नका, आपल्या जवळच्या केंद्राचा ठिपका दाबा.

आता ‘प्राण’. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ च्या जानेवारीत जाहीर झाला. सुरुवातीचं लक्ष्य २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत हवेतले कण २० ते ३० टक्क्यांनी कमी करायचे. नंतर ते वाढवून पीएम १० मध्ये ४० टक्के घट किंवा मानक गाठणं असं झालं, मुदत २०२५-२६. सुमारे १३० शहरं यात आहेत, आणि महाराष्ट्राची मोठी गर्दी त्यात आहे. चंद्रपूर, अमरावती, अकोला, नागपूर, जळगाव, सोलापूर, कोल्हापूर, सांगली, मुंबई, पुणे, सगळी मंडळी हजर. या शहरांनी काय काय केलं आणि पैसे किती खर्चले याची नोंद ठेवायला २०२१ साली हे पोर्टल आलं.

पोर्टल म्हणून मला ते आवडलं, हे आधी कबूल करतो. सरकारी पोर्टल म्हटल्यावर जी धास्ती असते तेवढं वाईट नाही. शहर निवडा, वर्षवार पीएम १० बघा, कृती आराखडा बघा. एखाद्या खात्याने आपलं लक्ष्य, आपला पाया आणि आपली चाल एका ठिकाणी उघडी मांडणं हे आपल्याकडे दुर्मीळच.

खोट आहे ती कशाला यश म्हणायचं यात. लक्ष्य फक्त पीएम १० चं आहे. त्याहून बारीक जो पीएम २.५, जो फुप्फुसात खोलवर जाऊन रक्तापर्यंत पोचतो, तो समीरवर दिसतो, पण शहराचं यश मोजताना तो धरत नाहीत. आता पीएम १० मध्ये रस्त्याची धूळ भरपूर असते. तेव्हा आकडा खाली आणायचा सोपा मार्ग कोणता? झाडू मारायची यंत्रं घ्या, पाणी शिंपडा, दुभाजकाच्या कडेला फरशी बसवा. झालंही तसंच. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २०२४ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा या कार्यक्रमातला ६४ टक्के पैसा रस्त्याच्या धुळीवर गेलेला दिसला, वाहनांवर साडेबारा टक्क्यांच्या आसपास आणि उद्योगांवर ०.६१ टक्के.

हा ०.६१ चंद्रपुरात बसून वाचा. आमच्याकडे २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे, भोवती कोळशाच्या खाणी, जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने. आणि आम्ही रस्ता झाडतोय. झाडू नका असं नाही हो, जटपुरा गेटजवळ झाडणारं यंत्र येऊन गेलं की फरक डोळ्यांना दिसतो. पण उन्हाळ्यात आमच्या घरी गच्चीवर कुरडया वाळत घालतात, त्यावर पांढरं धोतर टाकतात. संध्याकाळी ते झटकलं की जी भुकटी हाताला लागते ती मातकट नसते, काळी असते. रस्त्याची माती बोटावर चोळली की रवाळ लागते, ही चोळली की काजळीसारखी पसरते. इतकी वर्षं फिल्टर पेपर हाताळल्यावर एवढं तर कळतं.

‘चांगल्या दिवसां’चंही असंच. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरच्या शहरांना जो निधी ठेवला, त्यात कामगिरीचा एक निकष पीएम १० मधली घट आणि दुसरा ‘चांगल्या हवे’चे दिवस. पण हा चांगला दिवस कोणता? निर्देशांक २०० च्या आत असलेला. म्हणजे ॲपवर जो ‘मध्यम’, तोच निधी मोजताना ‘चांगला’. खातं तेच, हवा तीच, खिडकी बदलली की दर्जा वर.

सरकारचा दावाही सांगायला हवा, नाहीतर एकतर्फी होईल. २०१७-१८ च्या तुलनेत २०२४-२५ मध्ये १३० पैकी १०३ शहरांत पीएम १० घटला, त्यातल्या ६४ शहरांत २० टक्क्यांहून जास्त आणि २५ शहरांत ४० टक्क्यांहून जास्त, असं केंद्रीय मंत्र्यांनी सांगितलं. मी हे खोटं म्हणणार नाही. धूळ कमी झाली असणार. पण ४० टक्क्यांचं लक्ष्य आणि २५ शहरं, हे दोन आकडे शेजारी ठेवून कोणी भाषण करत नाही, १०३ चं करतात.

आता येऊ गुणपत्रिकेकडे, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. स्वच्छ वायू सर्वेक्षण. शहरांचे तीन गट: दहा लाखांवरची, तीन ते दहा लाखांची आणि तीन लाखांच्या आतली. एकूण गुण २००. पहिल्या आलेल्या शहरांना रोख बक्षीस आणि सत्कार. २०२५ मध्ये मधल्या गटात आपली अमरावती पहिली आली, २०० पैकी २०० गुण आणि ७५ लाखांचं बक्षीस. २०२३ मध्येही पहिली होती, २०२४ मध्ये फिरोजाबादने हुकवलं म्हणून दुसरी. विदर्भाचा माणूस म्हणून मलाही बरं वाटलं. बडनेऱ्याच्या साडूंचा फोन आला, ‘‘काहो, तुमचं चांदा कुठं हाय यादीत?’’ चांदा म्हणजे आमचं चंद्रपूर. मी म्हटलं, थांबा, आधी प्रश्नपत्रिका बघू द्या.

प्रश्नपत्रिका बघितली. २०२२ साली निघालेल्या मार्गदर्शिकेत गुणांची वाटणी अशी: कचरा आणि पालापाचोळा जाळणं रोखण्याला २० टक्के, रस्त्याच्या धुळीला २०, वाहनांच्या धुराला २०, उद्योगांच्या धुराला २०, इतर स्रोतांना १०, बांधकामाच्या राडारोड्याला ५, जनजागृतीला अडीच. आणि पीएम १० मध्ये खरोखर झालेल्या सुधारणेला? अडीच टक्के! दोनशेपैकी पाच गुण.

बाकीचे १९५ गुण कामांचे. यंत्र घेतलं का, पथक नेमलं का, वाहतुकीचा आराखडा केला का. शहराने स्वतःच आपलं मूल्यमापन करायचं, पुरावे प्राणवर चढवायचे, राज्याच्या समितीने ते पडताळायचे आणि मग केंद्रीय मंडळाने गुण द्यायचे. म्हणजे वर्षभर वही नीट ठेवली, उपक्रमांचे फोटो चिकटवले, शिबिराला हजेरी लावली, की लेखी पेपर जेमतेम लिहिला तरी पहिला नंबर येऊ शकतो. अमरावतीने तसं केलं असं मी म्हणत नाही. दोनशेपैकी दोनशे म्हणजे ते पाचही गुण तिने मिळवलेत, शाबासकी आहेच. माझं भांडण पहिल्या आलेल्याशी नाही, पेपर काढणाऱ्याशी आहे.

पेपर काढणाऱ्याची बाजूही मला कळते, आणि ती अगदीच लंगडी नाही. हवा हा काही नळाचा पाणीपुरवठा नव्हे. पाऊस लांबला, वारा पडला, की महापालिकेने कितीही घाम गाळला तरी पीएम १० चढतो. आणि भरपूर पाऊस झाला की काहीही न करता उतरतो. मग ज्यावर ताबा नाही त्याचे गुण कसे द्यायचे? ताबा आहे त्या कामांचे द्या. ठीक. पण मग ताबा नेमका कोणाचा, हेही विचारा. चिमणीतून काय बाहेर पडावं याची संमती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं. गुणपत्रिका मात्र महापालिकेच्या नावाची. उद्योगांचे २० टक्के गुण ज्याच्या खात्यात जमा होतात त्याच्या हातात चिमणीची चावी नाही. आणि ज्याच्या हातात आहे त्याची गुणपत्रिका कुठे लागते, ते मला तरी अजून दिसलेलं नाही.

वारा-पावसाला उपायही आहे. एका वर्षाऐवजी तीन वर्षांची सरासरी घ्या, म्हणजे एखादा ओला पावसाळा कोणाला फुकट वर चढवणार नाही. यासाठी नवीन विज्ञान शोधावं लागत नाही.

खरी गंमत अशी की याच केंद्रीय मंडळाने यापूर्वी फार कडक मोजपट्टी बनवलेली आहे. सेपी, म्हणजे औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक. २००९ मध्ये देशातली ८८ औद्योगिक क्षेत्रं तपासली. ७० च्या वर गुण म्हणजे अतिप्रदूषित. इथे गुण जितके जास्त तितकी नाचक्की. चंद्रपूरला ८३.८८ मिळाले, अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादच्या पाठोपाठ देशात चौथा नंबर. आणि ते नुसतं छापून थांबले नाहीत. २०१० च्या जानेवारीत अशा ४३ क्षेत्रांत नवीन उद्योग आणि विस्तार यांच्यावर बंदी आली. त्या वर्षी चंद्रपुरात पानठेल्यावर सेपी हा शब्द ऐकलाय मी. कारण त्या आकड्यावर कोणाचा तरी प्रकल्प अडकलेला होता. २०१८ च्या फेरीत आमचे गुण ७६.४१, म्हणजे उतरले पण अजून ७० च्या वरच. त्या फेरीत पहिला नंबर आपल्या तारापूरचा होता, ९३.६९.

याच सेपीच्या २०१६ च्या सुधारित सूत्रात शंभरपैकी ५० गुण प्रत्यक्ष हवा, पाणी आणि जमिनीच्या स्थितीला आहेत. उद्योगांच्या आकाराला २०, लोकांच्या आरोग्याला १०, नियमपालनाला २०. कारखान्यांचं क्षेत्र तपासताना परिस्थितीला निम्मे गुण. आणि आपण राबवलेला कार्यक्रम तपासायची वेळ आली की परिस्थितीला अडीच टक्के. दुसऱ्याच्या पोराचा पेपर तपासताना वेगळा पेन!

आरोग्य तर नव्या गुणपत्रिकेत कुठेच नाही. सेपीत निदान दहा गुण होते. शेजारच्या भाऊंचा दम्याचा पंप महिन्याला किती वेळा संपतो हे कोणत्याच रकान्यात बसत नाही. अशी नोंद ठेवणं अवघड आहे हे मान्य. पण सरकारी दवाखान्यात श्वसनाच्या तक्रारींची नोंद होतेच, ती वही प्राणवर आणून लावायला काय हरकत आहे?

तुम्हाला तुमच्या शहराचं बघायचं असेल तर क्रमांकापासून सुरुवात करू नका. प्राण उघडा, २०१७-१८ पासूनचे पीएम १० चे आकडे एका कागदावर उतरवा आणि शेजारी ६०, म्हणजे वर्षाचं मानक, लिहा. एखादं वर्ष मध्येच एकदम खाली गेलेलं दिसलं तर २०२०-२१ नाही ना ते पहा, टाळेबंदीची पुण्याई कोणाच्याही खात्यात जमा करू नये. मग समीरवर आपल्या जवळच्या केंद्राचा आकडा रोज एकाच वेळी, निदान थंडीभर बघा. त्यात पीएम २.५ मुळे आकडा चढतोय की पीएम १० मुळे, तेवढं लक्षात ठेवा. पीएम २.५ असेल तर समजा की झाडूवाल्या यंत्राने तो उतरायचा नाही.

तारे द्यायचे तर समीरला साडेतीन. ‘मध्यम’चं नाव बदलून काहीतरी धास्ती वाटेल असं ठेवलं तर साडेचार देईन. प्राणला तीन, मांडणी चांगली पण पीएम २.५ चा रकाना हवा. सर्वेक्षणाच्या गुणपत्रिकेला दीड. त्यातला एक तारा शहरांमध्ये चुरस लावल्याबद्दल, अमरावती-चंद्रपूरमध्ये हवेवरून टोमणे सुरू झाले हे काही थोडं नाही. आणि अर्धा तारा गुणांची वाटणी जाहीर छापल्याबद्दल. ती दडवून ठेवली असती तर पाच गुणांवरून भांडायला मला काही सापडलंच नसतं.